जुन्नरला माहितीपट महोत्सव सुरू करायचाय? आधी वर्षभर पडदा लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी विचारलंय, की आमचा परिसर देखणा आहे, शिवनेरी आहे, लेणी आहेत, नाणेघाट आहे, पुण्याहून दोन-अडीच तासांत येता येतं, तर कॉलेजतर्फे माहितीपटांचा महोत्सव सुरू करावा असं मनात आहे. पहिल्या वर्षी तीन दिवस, चाळीस फिल्म, देशभरातून प्रवेशिका आणि शेवटच्या रात्री किल्ल्याच्या पायथ्याशी उघड्यावर खेळ. प्राचार्य अनुकूल आहेत. सुरुवात कुठून करू?

सर, तुमचा उत्साह मला फार आवडला, म्हणून उत्तर लांबलंय. पुण्यात मी गेली सत्तावीस वर्षं फिल्म दाखवायचं काम करतेय. सुरुवात केली तेव्हा लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमधून, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून, १६ मिलिमीटरच्या रिळांचे डबे रिक्षात घालून न्यायचे. १,६०० फुटांचं एक रीळ म्हणजे जेमतेम ४४ मिनिटं. दुसरं रीळ चढेपर्यंत दिवे लागायचे आणि त्या चार मिनिटांत लोक एकमेकांशी जे बोलायचे, ते ऐकायला मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहायचे. माहितीपट दाखवायचं कारण मला तिथे कळलं. तुमच्या महोत्सवाबद्दल मी जे सांगणार आहे, ते सगळं त्या चार मिनिटांतून आलेलं आहे.

माझं म्हणणं असं, की महोत्सव जाहीर करण्याआधी एक वर्ष दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कॉलेजमध्ये एक माहितीपट दाखवा. फ्लेक्स नको, पाहुणे नकोत. पहिल्या शनिवारी बारा जण येतील, त्यातले आठ तुमच्याच वर्गातले. पाचव्या-सहाव्या खेळाला कॅन्टीनवाले काका दारात उभे राहून बघतील, दहाव्या खेळाला एखादी विद्यार्थिनी आईला घेऊन येईल. अशी साठ-सत्तर माणसं तयार झाली की महोत्सवाला पाया मिळाला. निसर्गरम्य गावात होणाऱ्या महोत्सवांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात, एकमेकांच्या फिल्म बघतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि जातात. गावाला कळतं ते इतकंच, की हॉलपाशी दोन दिवस पार्किंगला जागा नव्हती. असा महोत्सव तिसऱ्या वर्षी बंद पडतो, कारण तो बंद पडल्याचं दुःख गावात कुणालाच होत नाही.

उलट उदाहरण जपानमधल्या यामागाताचं. डोंगराळ प्रांतातलं, भात पिकवणाऱ्या भागातलं शहर. शिन्सुके ओगावा नावाचे दिग्दर्शक सत्तरच्या दशकात आपल्या सहकाऱ्यांसह तिथल्या मागिनो नावाच्या खेड्यात राहायला गेले, भातशेती केली, शेतकऱ्यांसोबत राहून वर्षानुवर्षं चित्रण केलं. १९८९ मध्ये यामागाता शहराला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यांच्याच प्रेरणेने तिथे आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव सुरू झाला. तो दर दोन वर्षांनी भरतो आणि आज माहितीपटांच्या जगात त्याला फार मान आहे. कित्येक वर्षं तिथे दिवसभराचे खेळ संपले की दिग्दर्शक, स्वयंसेवक आणि गावकरी लोणच्याच्या एका जुन्या दुकानात जमायचे आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसायचे. आधी माणसं त्या मातीत रुजली, मग महोत्सव आला, हा क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे धर्मशाळेचा महोत्सव २०१२ मध्ये रितू सरीन आणि तेनझिंग सोनम यांनी सुरू केला. ते दोघंही तिथलेच रहिवासी. मल्टिप्लेक्स नसलेल्या गावात, तिबेटी संस्थांची सभागृहं वापरून त्यांनी तो उभा केला. डोंगर तर दोन्हीकडे आहेतच, पण डोंगर बघायला म्हणून महोत्सव सुरू झालेला नाही.

आता तुमच्या तालुक्याकडे बघू. तुम्ही शिवनेरी आणि नाणेघाटाचं नाव घेतलंत, पण मला तुमचं खरं धन दुसरीकडे दिसतं. नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. त्याच यात्रांमधून तंबूतल्या टुरिंग टॉकीज फिरल्या. म्हणजे तंबूत बसून, तिकीट काढून, रात्र जागवून बघणारा प्रेक्षक या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला ‘डॉक्युमेंटरी’ शब्द माहीत नसेल, पण कंटाळा आला की उठून जायचं हे पक्कं माहीत आहे. यापेक्षा चांगला प्रेक्षक नाही. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पश्चिमेला आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा होतो. उसात बिबट्या आहे. टोमॅटोचा बाजार आहे. हे सगळं तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरात आहे. मला वाटतं महोत्सवातल्या निदान चार फिल्म या मुलांनी केलेल्या असाव्यात, मोबाइलवर, पाच-सात मिनिटांच्या. त्यासाठी सहा महिने आधी कार्यशाळा घ्या. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं अशा कामाला येतात, फक्त त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्या. ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट बोलावू नका.

मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट आवर्जून सांगा. भारतातलं माहितीपटाचं काम एका मराठी माणसाने सुरू केलं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचा त्यांचा स्वागतसमारंभ चित्रित केला. हेच परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आपली पहिली बातमीवजा फिल्म एका प्राध्यापकावर होती, हे कॉलेजातल्या मुलांना कळलं की ती एकदम ताठ बसतात. मी अनुभवाने सांगते.

किती फिल्म? चाळीस नकोत. दोन दिवस, बारा ते चौदा फिल्म, एकच पडदा. प्रत्येक फिल्मनंतर निदान वीस मिनिटं बोलणं. चाळीस फिल्म ठेवल्यात तर बोलायला वेळ उरणार नाही, आणि माहितीपटाचा अर्धा जीव त्या बोलण्यात असतो. देशभरातून ऑनलाइन प्रवेशिका पहिल्या वर्षी मागवूच नका. हिशेब करा: ३०० फिल्म आल्या आणि सरासरी लांबी अर्धा तास धरली तर १५० तास झाले. प्रत्येक फिल्म दोघांनी तरी बघायला हवी, म्हणजे ३०० तास. हे कोण करणार? मग होतं असं, की पहिली पाच मिनिटं बघून फिल्म बाजूला टाकली जाते. कुणीतरी तीन वर्षं राबून केलेलं काम असं टाकणं मला पटत नाही. त्यापेक्षा सात-आठ फिल्म स्वतः निवडा आणि दिग्दर्शकांना पत्र लिहून बोलवा. उरलेल्यांत चार मुलांच्या आणि एक-दोन जुन्या. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी विभागाने १९४८ पासून काढलेल्या माहितीपटांचा खजिना आता एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेलं आपलं पुण्यातलं अर्काइव्हही त्याच छत्राखाली आलंय. तिथे रीतसर पत्र पाठवा, स्वतः जाऊन भेटा. शेती, पाणी, धरणं, लोककला यांवर काय काय आहे ते विचारा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला पडद्यावर बघून आजचा शेतकरी पुढे सरकून बसतो.

कायद्याचं आता नीट वाचा, कारण इथे बहुतेक कॉलेजं चुकतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला फिल्म दाखवायची मुभा आहे, पण प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील तरच. गावाला बोलावलंत की ती मुभा संपली. मग प्रत्येक फिल्मसाठी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. यूट्यूबवर आहे म्हणून दाखवली, असं चालत नाही. परवानगी मागताना प्रदर्शनशुल्क किती ते स्वतःहून विचारा. पैसे कमी असतील तर प्रत्येकाला सारखी छोटी रक्कम द्या, पण द्या.

दुसरा भाग सेन्सॉर प्रमाणपत्राचा. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि बहुतेक स्वतंत्र माहितीपटांकडे ते नसतं. महोत्सवांसाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते. फिल्मची यादी, सारांश, निवड समितीची शिफारस जोडून अर्ज करायचा. महोत्सव व्यापारी नसावा आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावेत, ही त्यामागची मूळ अट. म्हणून दारात नोंदणीचं टेबल हवंच. आजीबाई आल्या तरी नाव लिहून बिल्ला द्यायचा. मुलांच्या फिल्मही यादीत घाला. दोन महिने हातात ठेवून अर्ज करा. हा प्रश्न आपल्याकडे किती जिव्हाळ्याचा आहे ते २००४ मध्ये दिसलं. मुंबईच्या महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली, देशभरातले माहितीपटकार एकत्र आले आणि अट मागे घ्यावी लागली. त्याच एकजुटीतून ‘विकल्प’ हे माहितीपटकारांचं व्यासपीठ उभं राहिलं. तुम्ही कागदपत्रं व्यवस्थित ठेवलीत तर कुणाला खेळ थांबवायला निमित्त मिळणार नाही. पोलीस ठाणं आणि तहसील कचेरीलाही आधी लेखी कळवा.

तारखांबद्दल. पावसाळा सोडा, तुमच्याकडचा पाऊस आणि वीज दोन्ही मला ठाऊक आहेत. परीक्षा, दिवाळी, १९ फेब्रुवारीच्या आसपासची शिवनेरीवरची गर्दी, चैत्रातल्या यात्रा, एनएसएसचं शिबिर, हे सगळं वजा करा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गोव्याचा इफ्फी, जानेवारीत पुण्याचा पिफ, हे मोठे चित्रपट महोत्सव असतात, तेव्हा दिग्दर्शक तिकडे असतात. डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा फेब्रुवारीची सुरुवात उरते. शेतकऱ्यांना कृषिपंपाची वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री आहे, तेही विचारून घ्या. रात्रपाळी असेल तर तो माणूस रात्रभर पाणी भरून दुपारी तुमच्या हॉलमध्ये झोपेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आणि उघड्यावरचा खेळ. सर, हा विचार पहिल्या वर्षी सोडून द्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. शिवनेरी काय, लेण्याद्री काय, ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे कार्यक्रमासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही, मिळूही नये. मोठा पडदा वाऱ्यात शिडासारखा फुगतो. डिसेंबरच्या रात्री दव पडतं, ते प्रोजेक्टरवर आणि वायरींच्या जोडांवर बसतं. पण मुख्य कारण बिबट्याचं आहे. तुमच्या तालुक्यात अंधार पडल्यावर शंभर-दोनशे माणसांना उसाच्या कडेने चालत घरी जायला लावणं हे पाप आहे. शेवटचा खेळ दिवस मावळण्याआधी संपवा. एसटीच्या आगारात जाऊन वेळापत्रक घ्या आणि कार्यक्रमपत्रिका त्यावर बेता: पश्चिमेकडे शेवटची गाडी किती वाजता सुटते, त्याच्या अर्धा तास आधी पडदा बंद. संध्याकाळचा एखादा खेळ ठेवायचाच असेल तर कॉलेजच्या बस आणि जीप दारापर्यंत सोडतील अशी व्यवस्था आधी करा. मुली येतील का, हेही इथेच ठरतं. पाच वाजता मोकळं करणाऱ्या महोत्सवाला घरचे मुलींना पाठवतात.

बिबट्यावरच अजून थोडं. या विषयावरची फिल्म तुम्ही दाखवणारच, माणिकडोहच्या निवारा केंद्रामुळे मुलांनाही तो विषय जवळचा आहे. पण तुमच्या हॉलमध्ये असं एखादं घर बसलेलं असू शकतं, ज्यांनी आपलं मूल गमावलंय. अशी फिल्म निवडलीत तर खेळाच्या आठवडाभर आधी त्या घरी जा. फिल्ममध्ये काय आहे ते सांगा. यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि आलेच तर त्यांच्याकडे माइक नेऊ नका. त्यांना बोलायचं असेल तर ते हात वर करतील. मी एकदा हे केलं नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या विषयावरची फिल्म होती. एक बाई मध्येच उठून बाहेर गेल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. मी शेजारी जाऊन बसले, पण मला बोलायला काही सुचलं नाही. त्यानंतर माझ्या यादीत ‘घरी जाणे’ हे काम प्रोजेक्टर तपासण्याच्या वर असतं.

आता भाषा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण ग्रामीण भागातल्या महोत्सवाचं सगळं यश यावर आहे. चांगले भारतीय माहितीपट मल्याळम, बंगाली, हिंदी, मणिपुरी अशा भाषांत असतात आणि खाली इंग्रजी सबटायटल. तुमचा अर्धा प्रेक्षक ती वाचणार नाही. मराठी सबटायटल तुम्हीच करा. दिग्दर्शकाकडून इंग्रजी सबटायटलची फाइल मागा आणि भाषांतराची परवानगी घ्या. अर्ध्या तासाच्या बोलक्या फिल्ममध्ये तीनशे-चारशे ओळी असतात. मराठी विभागाच्या चार मुलांनी वाटून घेतल्या तर दोन आठवड्यांत होतं. ओळ छोटी ठेवा, सात-आठ शब्दांच्या वर नको, कारण सवय नसलेला माणूस सावकाश वाचतो. पुस्तकी मराठी नको. ‘त्याने आपली उपजीविका गमावली’ असं लिहू नका, ‘त्याचा धंदा बसला’ असं लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत, सेव्ह करताना निवडता येते) साठवा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात. आणि ज्या लॅपटॉपवर खेळ होणार, त्याच लॅपटॉपवर एकदा पूर्ण बघा, काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी एक कोपरा राखा आणि तिथे एक विद्यार्थी हळू आवाजात ओळी वाचून दाखवेल असं करा. आम्ही हे केलं तेव्हा वाटलं होतं, बाकीच्यांना त्रास होईल. झालं असं, की वाचता येणारेही सरकून त्या कोपऱ्यात येऊन बसले.

सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेतला खेळ आठवतो. जनरेटर मागच्या ओढ्याच्या पलीकडे ठेवलेला, आवाज येऊ नये म्हणून. भिंतीला पांढरी चादर. जंगलावरची वीस मिनिटांची फिल्म होती, दिग्दर्शक पुण्याचा, चांगला मुलगा, दोन वर्षं तिथे येऊन-जाऊन केलेलं काम. निवेदनात वाक्य होतं, की बायका सरपणासाठी कारवी तोडून आणतात. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या आजींनी फिल्म चालू असतानाच हात हलवला आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘‘सरपण नव्हं रं, कुडाला नेत्यात ती!’’ सगळी शाळा हसली. फिल्म संपल्यावर त्या उठल्या, शेजारच्या घरापाशी त्या मुलाला घेऊन गेल्या आणि टॉर्चच्या उजेडात शेणामातीचा पापुद्रा नखाने खरवडून आतल्या उभ्या काठ्या दाखवल्या. कारवी एकसारखी सरळ वाढते म्हणून भिंतीला घेतात, जळणाला काय काहीही चालतं, असं त्यांचं म्हणणं. त्या मुलाने ते वाक्य बदललं. पुढे फिल्म जिथे जिथे गेली तिथे सुधारलेल्या वाक्यानिशी गेली. शहरातल्या कुठल्याही परीक्षक मंडळाला ही चूक सापडली नसती. तुमच्याकडे असे शेकडो परीक्षक आहेत. म्हणून माझी एक सूचना: बक्षिसं द्यायची असतील तर एक तरी बक्षीस गावातल्या पाच जणांच्या समितीने द्यावं. एक शेतकरी, एक अंगणवाडी ताई, एक एसटी कंडक्टर, अशी माणसं घ्या. निकाल सांगताना कारण त्यांच्याच तोंडून सांगू द्या.

हॉल. फोटोत मी तुमचा हॉल पाहिला: वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या. मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीचा आवाज रेंगाळला तर संवाद कळणार नाहीत, आवाज कितीही वाढवा. उपाय साधे आहेत. फरशीवर सतरंज्या पसरा. पडद्याच्या समोरच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा. मुलींच्या वसतिगृहातून आणि घराघरांतून पन्नास गोधड्या सहज मिळतात. डीजेवाल्याचे बॉक्स आणू नका, त्यांत ढोल छान वाजतो, माणसाचा आवाज घोगरा होतो. साधे चार स्पीकर स्टँडवर, कानाच्या उंचीच्या थोडे वर, दोन पुढे आणि दोन हॉलच्या मध्यावर. आवाज कमी ठेवूनही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो.

अंधारासाठी काळा कपडा महाग पडतो. तुमच्याकडे टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर प्रत्येक कृषी केंद्रात मिळतो. काळी बाजू आत करून खिडक्यांना लावा. वरची एक फट हवेसाठी सोडा, दारं पूर्ण मोकळी ठेवा आणि वायरी त्या कागदापासून लांब ठेवा, तो भरभर पेटतो. अंधाराची तपासणी दुपारी तीन वाजता करायची, सकाळी नाही. पश्चिमेच्या खिडक्या तेव्हाच दगा देतात.

पडदा बारा फूट रुंद पुरे. साध्या लेन्सच्या प्रोजेक्टरला मग साधारण अठरा फुटांचं अंतर लागतं, म्हणजे तो प्रेक्षकांच्या मध्ये येतो. त्याला उंच टेबल आणि भोवती मोकळी जागा ठेवा. पाच हजार ल्युमेन (उजेडाचं माप) क्षमतेचा भाड्याने घ्या, वर्गातला वापरू नका. एचडीएमआयची लांब वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे बेभरवशाची असते, नेटवर्क केबलवर चालणारा एक्स्टेंडर घ्या. सगळ्या फिल्म दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर. लॅपटॉपचे अपडेट, झोपेची सेटिंग, व्हॉट्सअॅप सगळं बंद. यूपीएस प्रोजेक्टरलाही लावा, फक्त लॅपटॉपला नाही. वीज गेली की गरम दिव्याचा पंखा बंद पडतो आणि दिवा जातो. आणि आदल्या दिवशी प्रत्येक फिल्मची सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन मिनिटं आवाजासकट बघून घ्या, कोणती फिल्म किती आवाजावर ठेवायची ते कागदावर लिहा.

पैशाचं मी एवढंच म्हणेन: संस्थेच्या खात्यातूनच व्यवहार करा, स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे, स्थानिक पतसंस्थांकडे, माजी विद्यार्थ्यांकडे मागा. मोठा प्रायोजक पहिल्या वर्षी नको, तो पडद्यापेक्षा मोठा फ्लेक्स मागतो. पाहुण्यांना रिसॉर्टमध्ये ठेवू नका. विद्यार्थ्यांच्या घरी ठेवा, इंद्रायणीचा भात आणि पिठलं-भाकरी खाऊ घाला. नाणेघाट दाखवायचाय ना? तिसऱ्या दिवशी सकाळी न्या, महोत्सव संपल्यावर. मध्ये सहल ठेवलीत की दुपारचा हॉल रिकामा.

उद्घाटन दहा मिनिटांत. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे, त्यांच्या जिवावर कॉलेज उभं आहे. पण शाल-श्रीफळ आणि भाषणं आदल्या संध्याकाळच्या जेवणाला करा. हे प्राचार्यांशी आत्ताच बोलून ठेवा. महिनाभर आधी बोललात तर ते समजून घेतात, त्या सकाळी बोललात तर त्यांची अडचण होते.

मुलांचं एक राहिलं. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालतेय, कारण प्रत्येक कॉलेजात मोठी मुलं धाकट्यांना हाताशी धरून शिकवतात. ‘आव्वाज कुणाचा’ ओरडणारा पहिल्या वर्षाचा मुलगा दोन वर्षांनी प्रकाशयोजना करत असतो. तुम्हीही प्रत्येक कामावर दुसऱ्या वर्षाचा एक आणि पहिल्या वर्षाचा एक अशी जोडी लावा. तिसऱ्या वर्षाची मुलं जातील तेव्हा काम त्यांच्याबरोबर जाता कामा नये. एक जाड वही ठेवा. कोणती वायर कुठून आणली, कुणी किती भाडं घेतलं, कोणत्या फिल्मला लोक उठून गेले, आजी काय म्हणाल्या, सगळं त्यात.

पहिल्या शनिवारच्या खेळाची तारीख ठरली की कळवा. मी सकाळच्या एसटीने येईन, सोबत मराठी सबटायटल असलेल्या तीन फिल्म आणेन, त्यांच्या परवानग्या माझ्याकडे आहेत. तुम्ही मल्चिंग पेपर लावून ठेवा आणि दुपारी तीनला मला हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवू द्या.